गोंदण कालही होतं

सिस्टर मावशींचं कपाळ पुसत होती. स्पिरिटचा एक बोळा झाला, दुसरा झाला, तिसरा घेऊन तिने डाव्या भुवईच्या वर जरा जोर लावून घासायला सुरुवात केली. कातडी लाल झाली, तरी ते पाच हिरवट ठिपके होते तिथेच होते. मी पलंगाच्या पायथ्याशी मावशींच्या चपला हातात धरून उभा होतो आणि मला ते बघवेना. सकाळपासून मी नुसत्या सह्या करत होतो. "निघणार नाही ते, सिस्टर," मी म्हणालो, "गोंदण आहे." पोरगी ओशाळली. मावशींना मात्र मजा वाटली असावी. हृदयाच्या बायपासला आत जायला तासभर उरलेला, अंगात तो मागून उघडा असणारा हिरवा झगा, हाताला सुई टोचलेली, आणि ही बाई म्हणते, "घास गं बाई, घास. पासष्ट वर्सं झाली, मला बी बघायचंय निघतंय का." सिस्टर हसली. मला हसू आलं नाही.

बघवेना ते गोंदणामुळे नव्हे, घासण्यामुळे. अगदी असंच घासलं होतं मी, अकरा वर्षांपूर्वी, चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रांच्या शेडमध्ये, एका सेन्सरची काच. स्पिरिट लावून, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जोर लावून. डाग निघत नव्हता, कारण डाग नव्हताच. पण ते जरा मागाहून, आधी मावशी कोण ते सांगायला पाहिजे. शालनबाई माझ्या सासूबाई. सासूला मावशी म्हणणारा जावई चाकणजवळच्या आमच्या कुरुळी गावात मी एकटाच असेन, आणि त्याला कारण असं की जावई व्हायच्या आधी चार वर्षं मी त्यांचा भाडेकरू होतो. मी बार्शीकडचा, आयटीआय करून इलेक्ट्रिशियन म्हणून इकडे आलेला. कुरुळीत शालनबाईंच्या घरामागे कंपनीतल्या पोरांसाठी बांधलेल्या पत्र्याच्या सहा खोल्या होत्या, त्यांतली तिसरी माझी. पाण्याची मोटर चालू करायला त्यांची मुलगी विजयश्री मागच्या अंगणात यायची, मोटर वरचेवर बिघडायची, ती दुरुस्त करायला मीच असायचो. मोटर फार बिघडायला लागली तेव्हा मावशींच्या लक्षात आलं. मग जे काय व्हायचं ते झालं, वर्षभर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं, आणि लग्नानंतरसुद्धा पाहुण्यांत माझी ओळख करून देताना म्हणायच्या, "हे आमचे तीन नंबरचे." म्हणजे खोली नंबर तीन. जावई हा शब्द तोंडातून निघायला त्यांना सहा वर्षं लागली, आणि तीन नंबर तर आजपर्यंत सुटलेला नाही.

तेवढ्यात डॉक्टर स्वरूपा आल्या. भूल देणाऱ्या डॉक्टर, वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, पण बोलणं असं की माणसाने निमूट ऐकावं. त्यांच्या हातात दोन चिकट पट्ट्या होत्या, प्रत्येकीला एक बारकी वायर, वायरी एका छोट्या पडद्याला जोडलेल्या. ह्या कपाळाला दोन्ही बाजूंनी लावायच्या, त्या म्हणाल्या. ह्यातून डोळ्याला न दिसणारा उजेड निघतो, कातडीतून, हाडातून आत जातो, मेंदूच्या वरच्या थरापर्यंत पोचतो आणि त्यातला थोडा परत येतो. परत किती आला त्यावरून कळतं की तिथल्या रक्तात ऑक्सिजन किती आहे. ऑपरेशन चालू असताना आणि नंतरचे दोनतीन दिवस मेंदूला पुरेसं मिळतंय की नाही, हे त्याने दिसत राहतं. टोचणं नाही, कापणं नाही. मी मान डोलावली. एका बाजूने उजेड सोडायचा, दुसऱ्या बाजूने घ्यायचा, मध्ये काय आहे ते उजेडाला विचारायचं, माझा सगळा जन्म त्यातच गेलाय. मग त्यांनी ते ठिपके पाहिले आणि म्हणाल्या, हे नेमकं पट्टीखाली येतंय, गोंदणाची शाई उजेड पिते, आकडा खोटा येईल. उजव्या बाजूला का नाही गोंदलं? मावशींना हा प्रश्न आवडला. सात वर्षांची असताना गोंदणारीण आली होती, आईने मांडीवर डोकं दाबून धरलं होतं, मधली चंद्रकोर झाली, डावीकडचे पाच ठिपके झाले आणि सुई उजवीकडे यायच्या आत पोरगी आईच्या हाताला चावून जी पळाली ती संध्याकाळपर्यंत ज्वारीच्या रानात लपून बसली. "उजवी बाजू ऱ्हायली ती ऱ्हायलीच," मावशी म्हणाल्या. डॉक्टरांनी डावी पट्टी केसांच्या कडेपर्यंत वर सरकवली, तरी एक ठिपका कडेखाली राहिलाच. पडद्यावर आकडे आले, उजवीकडे सहासष्ट, डावीकडे एकोणसाठ. डॉक्टरांनी फाईलीत काहीतरी लिहिलं आणि शेजारी अर्धवट गोंदणाचं छोटं चित्रही काढलं. मला त्यांच्याबद्दल तेव्हाच एकदम विश्वास वाटला, का ते सांगता येणार नाही, चित्र काढलं म्हणूनच असेल.

आत नेताना सिस्टरने मावशींचा ऐवज माझ्या हातात दिला. कानातली फुलं, एक तांब्याची अंगठी आणि किल्ल्यांचा जुडगा, सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत. जुडग्याला कडी नाही. एक वीतभर पिवळी वायर आहे, दोन्ही टोकं पिळून गाठ मारलेली. ती वायर मी ओळखतो. अकरा वर्षं ती मावशींच्या कमरेला आहे, आणि अकरा वर्षं मी ती न बघितल्यासारखं करतो. विजयश्रीने एकदोनदा कडी आणून दिली, मावशी म्हणाल्या, ह्येच बरं हाय, हरवत न्हाई. दार बंद होता होता डॉक्टर स्वरूपा मागे वळल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या की वय आहे, साखर आहे, आम्ही सगळी काळजी घेतोय, पण अशा ऑपरेशननंतर काही पेशंट थोडे गोंधळतात, काही गोष्टी विसरतात, काहींना ते नंतर आठवतं, काहींना नाही. तयारी असू द्या. मी बरं म्हणालो. आणि सांगायला लाज वाटते, पण सांगणार आहे, की त्या क्षणी माझ्या आत कुणीतरी पाय पसरून बसलं. विसरल्या तर बरंच, असं ते म्हणालं. नीट शब्दांत म्हणालं. मी पिशवी खिशात घातली आणि विजयश्री खाली चहा घेऊन बसली होती तिकडे न जाता जिन्यात जाऊन बसलो.

कारण मावशींच्या डोक्यात माझी एक गोष्ट आहे. जगात ती तिघांना माहीत होती. एक मी, दुसरा रणजीत म्हणून आमचा सुपरवायझर, तो नंतर नोकरी सोडून गुजरातेत गेला, त्याचा पत्ता नाही. तिसऱ्या मावशी. प्रेसच्या तोंडाशी दोन खांब असतात, एकातून उजेडाच्या रेघा निघतात, दुसरा त्या झेलतो. मध्ये हात आला, रेघ तुटली, की प्रेस जागच्या जागी थांबते. त्याला आम्ही पडदा म्हणतो. त्या दिवशी पडदा सारखा तुटत होता. हात नाही, काही नाही, आणि प्रेस थांबते, चालू केली की पुन्हा थांबते. रणजीत डोक्यावर उभा, गाडी भरायची होती. मी काच पुसली. पुन्हा पुसली. स्पिरिट लावून पुसली. तेल उडालं असेल, धूळ असेल, च्यायला ह्या सेन्सरच्या, सेन्सरच खोटं बोलतोय, असं मी मोठ्याने म्हणालो, ते माझं मला आजही ऐकू येतं. मग पॅनल उघडलं आणि वीतभर पिवळी वायर टाकून पडदा झोपवला, म्हणजे रेघ तुटली तरी प्रेस थांबू नये असं केलं. प्रेस धाडधाड चालायला लागली, रणजीतने पाठ थोपटली. अर्ध्या तासाने मला दिसलं की पडदा का तुटत होता. पत्र्याच्या कापलेल्या कडेची एक कपची डायच्या, म्हणजे साच्याच्या, बाजूने बाहेर येत होती आणि रेघेत आडवी जात होती. सेन्सर खरं बोलत होता. ती कपची काढायला मी हात घातला, सवयीने, पडदा आहे या भरवशावर, जो मीच झोपवला होता. उजव्या हाताची दोन बोटं गेली, करंगळी आणि तिच्या शेजारचं.

रणजीतने गडबडीत पॅनलमधली वायर उपटली आणि रिपोर्टात लिहिलं, सेन्सर बिघडला. दोघांचीही त्यात सोय होती. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात भेटायला आला तेव्हा ती वायर माझ्या उशीखाली सारून गेला, म्हणाला, फेकून दे भावा, कुणाला दाखवू नको. विजयश्री तेव्हा सात महिन्यांची गरोदर, तिला इकडे यायला डॉक्टरांनी मनाई केलेली, म्हणून वीस दिवस माझ्याजवळ मावशी बसल्या. ज्या मला जावई म्हणत नव्हत्या त्या. मला भरवलं, माझं तोंड धुतलं, आणखी जे करावं लागतं ते सगळं केलं, एकदाही नाक न मुरडता. उशीचा अभ्रा बदलताना त्यांना वायर सापडली. ही काय वो, म्हणाल्या. आणि मी, ज्याने पोलिसाला, कंपनीच्या साहेबांना, बायकोला फोनवर एकच गोष्ट सांगितली होती, तो मी या बाईला सगळं खरं सांगून बसलो. औषधांमुळे असेल, एकटेपणामुळे असेल. त्यांनी ऐकून घेतलं, वायर बोटाला गुंडाळली, उलगडली, पुन्हा गुंडाळली. म्हणाल्या, "इजूला न्हाई सांगायचं. तिला मशीनवर राग धरू द्या, माणसावर नगं." संध्याकाळी पाहिलं तर किल्ल्या त्या वायरीत ओवलेल्या होत्या.

आणि विजयश्रीने राग धरला, अगदी मनापासून. कंपनीच्या गेटवर पोट घेऊन उभी राहिली, मशीन खराब होतं, माझ्या माणसाची बोटं खाल्ली, माझ्या माणसाला काम पाहिजे म्हणाली, आणि तिच्या त्या भांडणामुळे मी नोकरीत राहिलो. खंडेनवमीला आमच्याकडे पुरुष घरी आपापल्या हत्यारांची पूजा मांडतात, पक्कड, टेस्टर, पाने. विजयश्री अकरा वर्षांत त्या पाटावर एक झेंडूचं फूल ठेवायला आलेली नाही. मावशी ठेवतात. कंपनीने मला नव्या पोरांना सुरक्षा शिकवायला बसवलं. दर सोमवारी नवी बॅच येते, वीस-बावीस जण, मी उजवा हात वर करतो, सगळे गप्प होतात, मग मी सांगतो, बघा, सेन्सर बिघडला होता. आता विचार केला तर मी त्यांना काय शिकवतो? सेन्सरवर विश्वास ठेवू नका, एवढंच. इतका उलटा धडा देणारा मास्तर सगळ्या चाकणमध्ये दुसरा नसेल. हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं आणि पुढचा सोमवार येत होता.

जिन्यात बसल्या बसल्या मी मोबाईलची बॅटरी लावली आणि उजव्या हाताच्या बोटांखाली धरली. लहानपणी गावाकडे हे आम्ही करायचो, वडिलांची तीन सेलची बॅटरी मुठीत धरून, हात आतून लाल दिसायचा आणि आम्हाला वाटायचं की आपलं रक्त दिसलं. जिन्यातली खिडकी उघडी होती, भर दुपार होती, तरी बोटं लाल झाली. जी आहेत ती झाली आणि जिथून दोन तुटली तिथली खुंटंही तेवढीच लाल झाली, उजेडाने काही दुजाभाव केला नाही. मी बराच वेळ बघत बसलो. वरच्या मजल्यावर कुठेतरी असाच उजेड मावशींच्या कपाळातून आत जात होता, जिथे ज्वारीचं रान होतं, मामांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, मरण होतं, मोटर बिघडवणारा भाडेकरू होता, आणि वीस दिवसांची ती उस्तवार होती जिच्याबद्दल मी एकदाही काही बोललो नव्हतो. म्हणजे धन्यवाद वगैरे आपल्यात म्हणत नाहीत हे ठीक, पण त्याला दुसरं काहीतरी असतंच ना. साडी घेतली होती मी. साडी घेऊन सुटलो होतो. त्या विसरल्या, तर माझी चोरी पुसली जाईल हे खरं, पण ते वीस दिवससुद्धा पुसले जातील, मग मी उपकार मानायचे कुणाचे? मघाशी पाय पसरून बसलेला जो होता तो हे ऐकून जरा सावरून बसला, पण उठून गेला नाही.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला भेटायला सोडलं, एका वेळी एकाला. मावशी गुंगीतच होत्या, तोंडात नळी, छातीवर पांढरी पट्टी, सारं अंग यंत्रांना जोडलेलं. मी सवयीने आधी यंत्रं बघितली. कपाळावरच्या पट्ट्यांचा पडदा उजव्या कोपऱ्यात होता, उजवीकडे पासष्ट, डावीकडे अठ्ठावन्न. संध्याकाळी पाचला पुन्हा गेलो. उजवीकडे चौसष्ट. डावीकडे सत्तेचाळीस. आकडा पिवळा होऊन लुकलुकत होता. पलंगाजवळ रविराज म्हणून एक तरुण डॉक्टर उभा होता, आदल्या दिवसापासून घरी गेलेला दिसत नव्हता, डोळे तांबारलेले. त्याने पडद्याकडे बघितलं, अंगठ्याने डावी पट्टी कपाळावर दाबली, कडा चिकटवल्या, आकडा तसाच राहिला. मी बघतोय हे पाहून तो समजुतीने म्हणाला की काका, घाबरू नका, आजींना इथे गोंदण आहे ना, त्यामुळे डावीकडचा आकडा खरा येत नाही, फाईलीत लिहिलंय, घामाने पट्टीही सुटली असेल, नवी लावायला सांगतो. बाकी सगळं उत्तम आहे, प्रेशर ठीक, नाडी ठीक. आणि त्याने यंत्राचं एक बटण दाबून तो लुकलुकणारा आकडा शांत केला.

मी पाहिलं ते बटण दाबताना. आता इथे मी किती वेळ गप्प राहिलो ते मला नक्की सांगता येणार नाही. पाच श्वास असतील, मावशींचे, यंत्रातून मोजून येणारे. त्या पाच श्वासांत आतला तो म्हणाला, डॉक्टर सांगतोय ना, शिकलेला माणूस आहे, तू कोण, आयटीआय. आणि गेलं थोडं डावीकडचं, तर तुला वाईट काय आहे? इतकं स्पष्ट. माझा हात खिशात गेला आणि पिशवीतली वायर प्लॅस्टिकमधून बोटाला लागली. वर सरकवलेल्या पट्टीखालून पाचातले चार ठिपके दिसत होते. हिरवे, शांत. कालही चारच दिसत होते. डाग तेवढाच होता. डाग काही वाढला नव्हता. मला एकदम त्या काचेची आठवण झाली, स्वच्छ काचेची, जी मी घासत होतो.

"डॉक्टर," मी म्हणालो, "गोंदण कालही होतं."

तो थांबला. मी पुढे बोलत गेलो, कसं कोण जाणे, सोमवारच्या बॅचला बोलतो तसं. काल ऑपरेशनच्या आधी एकोणसाठ होता, आज सकाळी अठ्ठावन्न होता, म्हणजे गोंदणामुळे जेवढा कमी यायचा तेवढा तो आधीपासूनच कमी येतोय. गोंदण वाढलं नाही. मग हे अकरा कशाने उतरले? पट्टीच सुटली असेल तर नवी लावून बघा, पण आत्ता बघा, आणि नवी लावूनही तेवढाच आला तर तो खरं बोलतोय असं धरा. रविराजने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं, तो मी नकळत वर केला होता. तो पोरगा चिडला असता तरी मी काय करणार होतो? तो चिडला नाही. त्याने स्वतः नवी पट्टी फोडली, लावली, सत्तेचाळीस. लगेच शेहेचाळीस. त्याने फोन उचलला. चार मिनिटांत डॉक्टर स्वरूपा आल्या, आणि मला बाहेर काढलं.

बाहेर विजयश्रीने विचारलं, काय झालं. मी म्हणालो, बघतायत. तिने माझा हात धरला, तो अर्धा हात, ती नेहमी तोच धरते. तासाभराने डॉक्टर स्वरूपा आल्या आणि आमच्या शेजारीच बाकावर बसल्या. मावशींच्या मानेतली डावीकडची रक्तवाहिनी आधीच अरुंद आहे, झोपेत मान एका बाजूला कलली होती, रक्तही थोडं कमी झालं होतं. जे प्रेशर सगळ्या अंगाला पुरत होतं ते तेवढ्या भागाला पुरत नव्हतं. बाकीची यंत्रं ठीक म्हणत होती, कारण त्यांच्या दृष्टीने ठीकच होतं. मान सरळ केली, औषधाने प्रेशर वाढवलं, रक्त दिलं. आता सत्तावन्न आहे. सकाळी स्कॅन करू, पण मला वाटतं वेळेवर लक्षात आलं. रविराजने सांगितलं तुम्ही काय म्हणालात ते, असंही त्या म्हणाल्या. मी आपला जमिनीकडे बघत होतो. विजयश्री रडत होती आणि डॉक्टरांचा हात धरून पुन्हा पुन्हा काहीतरी म्हणत होती. माझा जीव भांड्यात पडला, आणि त्याबरोबर दुसरंही काही पडलं असावं, कारण आतला तो नंतर मला दिसला नाही. रात्री घरी जाताना मी मनातल्या मनात सगळ्यांचे उपकार मानत गेलो, त्या उजेडाचे, फाईलीतल्या चित्राचे, रविराजच्या न चिडण्याचे, गोंदणारणीचे, आणि आईच्या हाताला चावून पळणाऱ्या त्या पोरीचे.

तिसऱ्या दिवशी मावशी शुद्धीवर आल्या. नळी काढलेली, आवाज घोगरा. सकाळचे अकरा, डॉक्टरांनी खास आम्हा दोघांनाही आत घेतलं. आल्या आल्या मावशींनी पहिला प्रश्न केला, किल्ल्या कुठं हायेत. मी पिशवी वर करून दाखवली. मग डॉक्टर स्वरूपांनी कागद घेतला, एकेक विचारून खूण करायची होती. नाव सांगितलं. गाव सांगितलं. वार कोणता, तर म्हणाल्या, ते मला घरी बी म्हाईत नसतंय. तीन बोटं दाखवली, तीन म्हणाल्या. हे कोण, म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे हात केला. मावशींनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तीन नंबरचे." डॉक्टरांचं पेन थबकलं, चेहरा पडला. विजयश्री हसत रडत मध्ये पडली, अहो बरोबर आहे, बरोबर आहे, आणि खोली, मोटर, सगळं एका दमात सांगून टाकलं. डॉक्टर हसल्या. मग म्हणाल्या, जुनं काहीतरी विचारते. आजी, ह्यांच्या हाताला काय झालं होतं, आठवतं?

मावशींनी मान माझ्याकडे वळवली. डोळे माझ्याकडे. पिशवी माझ्या हातात, आत पिवळी वायर सरळ दिसत होती. मला कळलं की भीती उलटीच आहे, आता मला भीती होती ती त्यांना आठवत नसेल याची. "मशीन खराब हुतं," मावशी म्हणाल्या. अकरा वर्षं म्हणतात तेच, त्याच सुरात, शेवटी तीच बारीक मान हलवून. डॉक्टरांनी विजयश्रीकडे पाहिलं. विजयश्री म्हणाली, अगदी बरोबर. डॉक्टरांनी कागदावर खूण केली.

त्या खुणेकडे मी बघत राहिलो. सगळं शाबूत होतं, खरंही आणि खरं झाकून ठेवणंही, आणि ते माझ्यासाठी शाबूत होतं. "मशीन खराब नव्हतं, विजया," मी म्हणालो. "सेन्सरही चांगला होता. मीच वायर टाकून बंद केला होता. ही वायर. मावशींना पहिल्यापासून माहीत आहे." विजयश्रीने आधी माझ्याकडे नाही, आईकडे पाहिलं. मग माझ्या हातातून पिशवी घेतली, जुडगा बाहेर काढला, वायरीची गाठ बोटांनी चाचपली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, घरी चला, मग बघते तुमच्याकडे. म्हणता म्हणता माझा अर्धा हात मात्र तिने धरला. परवा सोमवार होता, नवी बॅच होती, तेही माझ्या डोक्यात त्याच वेळी येऊन गेलं. मी पलंगाजवळ वाकलो. मावशींनी वैतागून डोळे मिटून घेतले होते, एवढी वर्षं राखलेलं कुणी असं उधळून टाकल्यावर बाई वैतागणारच. "मावशी," मी म्हणालो, "ते वीस दिवस. तुमचे लई उपकार आहेत माझ्यावर. कधी बोललो नाही."

मावशींनी एक डोळा उघडला. गोंदणावरची पट्टी अजून तशीच होती, पडद्यावर उजवीकडे पासष्ट, डावीकडे अठ्ठावन्न. "डॉक्टरीणबाई," त्या म्हणाल्या, "माजी पट्टी काढा आन् जावयाच्या कपाळाला लावा. बघा तरी आत काय हाय का." आणि किल्ल्यांसाठी हात पुढे केला.